क्रूझवर वाईन घरून न्यावी की जहाजावरच घ्यावी?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही चौघं बर्म्युडाच्या क्रूझला निघालोय. मी, नवरा आणि नाशिकहून येणारे साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत, त्यासाठीच हा सगळा घाट. पाच रात्रींची सफर आहे, रॉयल कॅरिबियनची. जहाज न्यू जर्सीतल्याच बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटतं. आम्ही एडिसनला राहतो, त्यामुळे विमानाची धावपळ नाही.

प्रश्न वाईनचा आहे. साबु दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. बाकी बाग खाण्याच्या द्राक्षांची, पण एका तुकड्यात शिराज ही वाईनची जात लावलीय आणि तो माल करारावर एका वायनरीला जातो. त्याच वायनरीची बाटली त्यांना लग्नाच्या वाढदिवशी जहाजावर उघडायची आहे. फोनवर म्हणाले, "सूनबाई, आपला माल ट्रॅक्टरमधून उतरला की आपला संबंध संपतो. एकदा तरी नीट टेबलावर बसून प्यायचाय."

नवरा म्हणतो एवढ्या लांबून ओझं कशाला, जहाजावर हवी ती वाईन मिळते. मला मात्र साबुंची बाटली न्यायचीच आहे. फक्त बंदरावर कोणी अडवलं आणि त्यांचा हिरमोड झाला तर, ही धास्ती आहे. आणि उरलेल्या दिवसांसाठी आपली वाईन न्यावी की तिथेच घ्यावी? पेयांच्या पॅकेजचं काय (रोजचे ठरावीक पैसे भरून हवं ते प्यायचं)? साबा अजिबात घेत नाहीत, मी एखादा ग्लास. अनुभव सांगा.

उनाडवारा

बिनधास्त न्या. रॉयल कॅरिबियनवर दारू पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली चालते, वाईन किंवा शॅम्पेन. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर ते वय २१. तुम्ही चौघं, म्हणजे चार बाटल्या. फक्त चढायच्या दिवशीच, आणि हातातल्या बॅगेत. हमालाकडे द्यायच्या सुटकेसमध्ये टाकलीत तर ती सुटकेस एक्स-रेमध्ये बाजूला काढली जाते आणि संध्याकाळी ती सोडवायला खाली जावं लागतं.

प्राजक्ता_ऑस्टिन

उनाडवारा यांना अनुमोदन. पण हे सगळ्या कंपन्यांचं धरू नका कोणी. आम्ही दरवर्षी वेगळं जहाज घेतो आणि दर वेळी नियम वेगळे.

कार्निव्हलवरही माणशी एक बाटली. नॉर्वेजियनवर हव्या तितक्या बाटल्या न्या, पण चढतानाच प्रत्येक ७५० मिलीला १५ डॉलर कॉर्केज (स्वतःची बाटली आणल्याबद्दलचं शुल्क), मग ती तुम्ही खोलीत प्या नाहीतर डायनिंग रूममध्ये. प्रिन्सेसवर माणशी एक बाटली खोलीत प्यायला फुकट, त्यावरच्यांना पैसे. डिस्नेवर प्रत्येक प्रौढाला वाईनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा डबे, आणि तेही प्रत्येक बंदरावर नव्याने. वायकिंगवाले तर कॉर्केजच घेत नाहीत, पण त्यांचं तिकीटच तसं असतं म्हणा. आणि एमएससीवर बाहेरची बाटली अजिबात नाही, ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात.

हे नियम बदलत राहतात. पूर्वी रॉयल कॅरिबियनचा नियम खोलीमागे दोन बाटल्यांचा होता, आता माणशी एक. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साईटवर पुन्हा वाचून घे ग निशिगंधा.

रोकडा_हिशेब

मी सरळ आकडे मांडतो. जहाजावर बऱ्यापैकी वाईनचा ग्लास १३ डॉलर धरा. त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टीप, आपोआप लागते, म्हणजे १५.३४. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. ग्लासाग्लासाने बाटलीभर वाईन प्यायलात तर ७६.७० डॉलर. तीच अख्खी बाटली घेतली तर समजा ४५ अधिक १८ टक्के, ५३.१० डॉलर.

आता घरची. दुकानात १५ डॉलरची बाटली. डायनिंग रूममध्ये नेली आणि १५ डॉलर कॉर्केज लागलं तरी ३०. स्वतःच्या बाल्कनीत बसून प्यायलात तर फक्त १५.

चार बाटल्यांवर कॉर्केज धरूनही ९० डॉलरच्या वर वाचतात. चौघांच्या क्रूझच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही, पण बर्म्युडात चौघांचं एक साधं जेवण त्यात निघेल. मी असतो तर चारही बाटल्या नेल्या असत्या.

मोकळाढाकळा

सुट्टीवर जाऊन कॉर्केजचे हिशेब करायचे असतील तर घरीच बसावं की. आम्ही पॅकेज घेतो आणि विसरून जातो. सकाळी कॉफी, दुपारी ज्यूस, संध्याकाळी वाईन, रात्री काय हवं ते. दर ग्लासाला सही करताना जी एक कुरकुर मनात होते ती नको.

प्राजक्ता_ऑस्टिन

@मोकळाढाकळा, तुमच्याकडे दोघंही घेत असतील तर ठीक आहे. रॉयल कॅरिबियनवर एका खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. निशिगंधाच्या साबा घेत नाहीत. साबुंच्या एका ग्लासापायी दोघांचं पॅकेज?

रोकडा_हिशेब

हे मी विसरूच देणार नाही कोणाला. पॅकेज रोजचं ८० डॉलर धरा, १८ टक्क्यांसकट ९४.४०. दोन माणसं, पाच रात्री, ९४४ डॉलर! एवढ्यात साबु जहाजावरची महागडी बाटली रोज एक उघडतील आणि तरी निम्मे पैसे उरतील.

मोकळाढाकळा

साबांच्या बाबतीत मान्य. न घेणाऱ्यांसाठी फोन करून विचारलं तर काही वेळा सरबत-सोड्याच्या पॅकेजवर तडजोड करतात, तेवढं विचारा. पण जे दोघं घेतात त्यांना पॅकेजच बरं, यावर मी ठाम आहे.

फिरस्ता_बंड्या

एवढी चर्चा कशाला? माउथवॉशची रिकामी बाटली, आत व्होडका, दोन थेंब खायचा रंग. आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच करतात. :)

सोलापुरी_चादर

आणि मग पाच दिवस व्होडकाला पुदिन्याचा वास. दात तेवढे स्वच्छ राहतात.

जुना_खलाशी

बंड्या, राग मानू नकोस, पण या विषयावर मी बोलणारच. मी रत्नागिरीचा, बरीच वर्षं क्रूझच्या डायनिंग रूममध्ये काढली, शेवटची काही वाईनच्या कामावर. तुझी निळी व्होडका सुरक्षावाल्यांना ठाऊक असते. त्यांचं रोजचं कामच ते आहे. शॅम्पूच्या पाकिटासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे फ्लास्क, पुन्हा चिकटवलेली बुचं, सगळं ते ओळखतात. सापडलं की ओतून देतात.

पण मला बोलायचंय ते पलीकडचं आहे. बार आणि वाईनवाल्या पोरांची मिळकत मोठ्या प्रमाणात त्या १८ टक्क्यांवर उभी असते. त्यात आपली कोकणातली, गोव्यातली पोरं किती आहेत ते जहाजावर गेलात की नावाच्या पट्टीवर वाचा. महिनोन् महिने घर सोडून, दिवसाला दहा-दहा तास उभी असतात. कंपनीने जेवढी बाटली नियमात बसवली आहे तेवढी आणा, त्यात कोणाचंही काही चोरीला जात नाही. चोरून आणलेल्याचं मात्र तसं नाही.

निशिगंधाताई, आता तुमच्याकडे येतो. पाहुण्याने स्वतःची बाटली आणली की आमच्याकडे काय व्हायचं ते सांगतो. वेटर बाटली घेतो, तिच्या गळ्यात खोलीच्या नंबरची चिठ्ठी अडकवतो. रेड असेल तर वाईन स्टेशनच्या कपाटात, व्हाइट असेल तर थंडीला. जेवणात अर्धी संपली तर बूच लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलावर बसलात की तीच समोर येते. ही सोय जहाजावर विकत घेतलेल्या बाटलीलाही असते, लोकांना माहीत नसते, म्हणून ग्लासाग्लासाने महाग पितात. एकटा पिणाराही अख्खी बाटली घेऊन तीन दिवस पुरवू शकतो.

कॉर्केज कधी लावतात, कधी वेटर सोडून देतो. तुमच्याकडे लावलंच नाही तर बाटली उघडणाऱ्याच्या हातात चार-पाच डॉलर ठेवा.

आणि एक करा. पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगा की अमुक दिवशी लग्नाचा ४० वा वाढदिवस आहे आणि ही बाटली सासऱ्यांच्या शेतातल्या द्राक्षांची आहे. माझ्या टेबलावर कोणी असं सांगितलं असतं तर मी स्वतः मोठे ग्लास पुसून आणले असते.

निशिगंधा

जुना खलाशी दादा, हे वाचून साबुंना फोन केला. त्यांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. खूप आभार.

मंदार_लिस्बन

थोडं युरोपचं सांगतो, कोणी भूमध्य समुद्राच्या सफरीला जाणार असेल तर उपयोगी पडेल. बार्सिलोनाहून निघालात तर सुपरमार्केटमध्ये पाच-सहा युरोत चांगली कावा (स्पेनची फेसाळ वाईन) मिळते, तीच जहाजावर कितीतरी पट. तरी माझं मत असं की तिकडे बाटल्या वाहूच नयेत. लिव्होर्नोला उतरलात की जवळच कियांती वाईनचा प्रदेश, मार्सेयला प्रोव्हान्सची गुलाबी रोझे, सँतोरिनीला आसिर्तिको ही पांढरी वाईन. तिथे वेली टोपलीसारख्या गोल वळवून जमिनीलगत वाढवतात, वाऱ्यापासून द्राक्षं जपायला. ती वाईन तिथेच, त्या गावात, तिथल्या माशाबरोबर प्यावी. बंदरावर घेतलेली बाटली बहुतेक कंपन्या जहाजावर चढताना ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात.

अवांतर: वाईन आणि जहाजाचं नातं पोर्तुगालच्या मदेरा बेटाइतकं कुठेच जुळलं नसेल. त्या बेटावरची पिंपं जहाजांत चढायची, विषुववृत्त ओलांडताना तळघरातल्या उष्णतेत आणि हेलकाव्यात महिने काढायची. न विकली गेलेली पिंपं परत आली तेव्हा लोकांना कळलं की वाईन बिघडली नाही, उलट सुधारली. मग मुद्दाम फेरी मारून आणलेली वाईन विकायला लागले, तिला 'व्हिन्यु द रोदा' म्हणत. आमच्या इथून भारताच्या वाटेला लागलेली जहाजंही मदेराला थांबत. पुढे जहाजाचा खर्च वाचवायला तापवलेल्या खोल्यांत तोच परिणाम साधायला लागले. मदेरातलं फुंशाल आज क्रूझचं मोठं बंदर आहे, उतरलात तर एक ग्लास घ्याच.

सोलापुरी_चादर

म्हणजे साबुंची शिराज मुंबई ते जर्सी ते बर्म्युडा ते जर्सी फिरली तर आणखी सुधारेल?

दिंडोरीकर

नाही हो, शिराज बिघडेल! मदेरा वाईनमध्ये स्पिरिट घालतात, ती टिकते. आपली टेबल वाईन उन्हाला फार नाजूक.

मीही दिंडोरीचाच, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. निशिगंधाताई, बाहेरच्यांना वाटतं द्राक्षं ती द्राक्षं. थॉमसन खायची, मोठा मणी, बिनबियांची, दिसायला देखणी. वाईनची शिराज म्हणजे बारका मणी, जाड साल, आत बी. रंग आणि चव सालीतून येते, म्हणून मणी मोठा होऊ द्यायचा नाही, पाणी हात राखून द्यायचं. खाण्याच्या द्राक्षाला आपण जे सगळं करतो त्याच्या बरोबर उलट. एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), आणि जानेवारी ते मार्च काढणी. वायनरीचा माणूस येऊन ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतो, तो म्हणेल त्या पहाटे माल काढायचा, ऊन वर यायच्या आत पोचवायचा. ज्या शेतकऱ्याने हे शिकून घेतलं त्याला मी मानतो. २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली, २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, तेव्हा गावात लोक विचारायचे की न खाता येणारं द्राक्ष लावून कोणाला विकणार? तुमच्या साबुंनी ते सगळं ऐकून घेतलं असणार.

आता बाटलीचं. विमानात चेक-इन बॅगेत टाका. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या पेयाला विमानात संख्येची मर्यादा नसते, बॅगेचं वजन सांभाळा. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड टॉवेलमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध. अमेरिकेत उतरताना २१ वर्षांवरच्या माणसाला एक लिटर शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे दोघांच्या दोन बाटल्या आरामात बसल्या. विचारलं की सरळ सांगायचं, लपवायचं काही नाही. घरी आल्यावर गाडीच्या डिकीत ठेवू नका, एका दुपारीत वाया जाईल. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. आणि प्यायच्या आधी वेटरला पंधरा-वीस मिनिटं थंडीला लावायला सांगा. शिराज गार झाली की मिरीसारखा तिखट वास नीट लागतो.

ठाणेकर_मीनल

मुंबई-गोवा क्रूझवर चालतं का हो हे? आम्ही दिवाळीनंतर कॉर्डेलियाने जायचं म्हणतोय. नाशिकची एक बाटली न्यायचा विचार होता.

उनाडवारा

नाही मीनलताई, कॉर्डेलियावर बाहेरची दारू चालत नाही, तिथेच घ्यावी लागते. अवांतर माहिती: त्यांची 'एम्प्रेस' बोट म्हणजे १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस'. निशिगंधाच्या कंपनीचीच जुनी बोट.

आणि गोव्यात उतरलात तर तिथून स्वस्त मिळते म्हणून बाटल्या घेऊन महाराष्ट्रात येऊ नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, रस्त्याने येणाऱ्यांना बांद्याला, इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले तपासतात ते उगीच नाही. आपल्या राज्यात वाईन-बिअरसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वयाची अट आहे, बरोबर तरुण मंडळी असतील तर तेही बघा.

ठाणेकर_मीनल

धन्यवाद. मग बाटली नाशिकलाच, वायनरीत बसून.

कोकमआगळ

सगळे वाईनवरच बोलताय. साबांचं काय? लग्नाचा वाढदिवस त्यांचाही आहे की. न पिणाऱ्यांना क्रूझवर पाणी, लिंबूपाणी आणि गोडमिट्ट सोडा, एवढंच समोर येतं. माझ्या सासूबाईंनी अख्ख्या सफरीत बर्फाचं पाणी प्यायलं आणि टोस्टच्या वेळी रिकामा ग्लास हातात धरून बसल्या. मला फार वाईट वाटलं होतं.

प्राजक्ता_ऑस्टिन

+१. फार चांगला मुद्दा. रॉयल कॅरिबियनवर बिनदारूची सीलबंद पेयंही थोडी नेता येतात, डबे किंवा बाटल्या, हातातल्या सामानात. उघडलेली किंवा घरी भरलेली बाटली नको. कोकम आगळाची दुकानातली सीलबंद बाटली घे, तुमच्याकडच्या ओक ट्री रोडवर एखाद्या दुकानात नक्की सापडेल. सोडा जहाजावर मागायचा, त्यात आगळ आणि चिमूटभर मीठ. रंग शिराजच्या शेजारी शोभेल.

मोकळाढाकळा

हे आवडलं. पॅकेजवाला असूनही म्हणतो.

रोकडा_हिशेब

थोडं व्यवसायाच्या बाजूने बघायचं तर, या नियमांमागे काय आहे ते कार्निव्हलच्या २०२३ च्या ताळेबंदात दिसतं. एकूण उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर, त्यात सुमारे साडेसात अब्ज जहाजावरच्या खर्चातून, म्हणजे दारू, कसिनो, स्पा, सहली वगैरे. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. तिकीट स्वस्त वाटतं ते यामुळेच. बाटली एकच का, आणि बंदरावर घेतलेली का अडवतात, याचं उत्तर तिथे आहे.

जुना_खलाशी

बरोबर. आणि म्हणून जहाजावर जाऊन सगळंच टाळत बसू नका असं मला वाटतं. दोन-तीन रात्री वाईन यादीतून काही मागवा, वाईनवाल्याशी बोला. त्याला विचारा, या जेवणाबरोबर काय घेऊ, एवढ्या पैशांत. आम्हाला हा प्रश्न फार आवडायचा. यादीतली सगळ्यात महाग बाटली कोणी सुचवत नाही, चार माणसं पुन्हा मागवतील अशीच सुचवतात.

निशिगंधा

मंडळी, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. नवऱ्यालाही सगळा धागा वाचायला लावला.

ठरलं ते असं. साबु-साबा येताना शिराजच्या दोन बाटल्या आणतील, एकेकाच्या बॅगेत एक. आम्ही इथून एक स्पार्कलिंग वाईन घेऊ, चौथी बाटली नेणार नाही, त्याऐवजी दोन रात्री जहाजावरची घेऊ. पॅकेज नाही. साबांसाठी आगळ. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मीठ माझ्या डब्यातलं आण, तिकडचं मीठ खारट लागत नाही."

एकच शंका राहिली. शिराजची एक बाटली वाढदिवशी, मग दुसरी कधी उघडू? साबु म्हणतात दोन्ही त्याच दिवशी. आम्ही तिघंच पिणारे, त्यातली मी एक ग्लासवाली.

दिंडोरीकर

एक त्या दिवशी. दुसरी आदल्या रात्री खोलीच्या बाल्कनीत, फक्त तुम्ही चौघं. आधी घरचे चाखून बघतील, मग दुसऱ्या दिवशी टेबलावर कोणी विचारलं तर साबुंना सांगता येईल काय लागतं ते.

जुना_खलाशी

दिंडोरीकरांशी मी सहमत नाही. दोन्ही डायनिंग रूममध्येच द्या. पहिली त्यांच्या टेबलाची. दुसरीतून तुमच्या वेटरला विचारून शेजारच्या टेबलांना एकेक घोट पाठवा, 'हे आमच्या शेतातलं' म्हणून. साबुंना ते जास्त आवडेल.

निशिगंधा

साबुंना आत्ताच विचारलं. खलाशी दादांचं म्हणणं मान्य झालंय. आता विचारताहेत की शेजारी किती टेबलं असतात, आणखी एक बाटली आणू का.

उनाडवारा

माणशी एकच हो! तुमची चौथी जागा अजून रिकामी आहे, ती साबुंना द्या. तिसरी बाटली आणली तर दोघांचे दोन लिटर ओलांडून पाव लिटर वर जाईल. विमानतळावर तेवढी जाहीर करायला सांगा, फार तर किरकोळ शुल्क भरावं लागेल.